अमेरिकेत वीज जाते तेव्हा

अमेरिकेत वीज जात नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. १४ ऑगस्ट २००३ ला ती गेली, आणि न्यूयॉर्कपासून कॅनडातल्या ओंटारिओपर्यंत सुमारे ५ कोटी लोकांची गेली. माणसं भुयारी रेल्वेत अडकली, हजारो जण पूल ओलांडत पायी घरी गेले. ओहायो राज्यात तारा झाडांना टेकल्या, इथपर्यंत आपल्याही वायरमनला नवल वाटणार नाही. खरी गोम मात्र कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरमध्ये होती.

दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिथली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडली, आणि तीही मुकाट्याने. तीननंतर एकामागून एक तीन मोठ्या लाइन ट्रिप झाल्या, पण ऑपरेटरच्या लेखी सगळं आलबेल. बाहेरून फोन येत होते, त्यावर विश्वास कसा बसावा? चारनंतर सगळं जाळं कोसळलं.

प्रोग्रॅम जनरल इलेक्ट्रिकचा होता. दोन प्रोसेस एकाच माहितीवर एकाच वेळी लिहायला गेल्या आणि माहिती बिघडली. याला म्हणतात रेस कंडिशन. किराणा दुकानातली उधारीची वही घ्या. बाकी ५०० रुपये. बाप आणि लेक दोघांनीही ५०० वाचले. बापाने ४० मिळवून ५४० लिहिले, लेकाने ६० मिळवून त्यावर ५६० लिहिले. हवे होते ६००. बेरीज दोघांचीही बरोबर!

कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३० लाखांहून जास्त तास चालूनही ही चूक कधी दिसली नव्हती. ती पकडायला कित्येक आठवडे गेले, आणि शेवटी सिस्टिम मुद्दाम हळू चालवून ती सापडली.

गंमत अशी, की हे दुखणं जुनंच. डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६५ मध्येच ते मांडलं होतं. अमेरिकेतल्या लेस्ली लॅम्पोर्टने १९७४ मध्ये त्यावर ‘बेकरी’ नावाचा उपाय दिला: दुकानातल्यासारखा टोकन नंबर घ्या, लहान नंबर आधी. पण नंबर घेतानाच दोघांची गाठ पडून एकच नंबर आला तर? मग ज्याचा स्वतःचा क्रमांक लहान, तो पुढे. बँकेतल्या रांगेत हे सांगून बघा!

उपाय माहीत असूनही चुका राहतात, कारण शक्यताच अफाट. दहा-दहा पायऱ्यांचे फक्त दोन प्रोग्रॅम घेतले, तरी त्या पायऱ्या एकमेकांत १,८४,७५६ प्रकारे मिसळू शकतात. टेस्टिंगमध्ये त्यातले किती तपासणार? म्हणून लॅम्पोर्टनेच पुढे टीएलए प्लस ही भाषा केली. तिच्यात नुसता आराखडा लिहायचा, आणि सोबतचं साधन त्या आराखड्याच्या शक्य तेवढ्या सगळ्या अवस्था एकेक करून तपासतं. ॲमेझॉनचे इंजिनिअर २०११ पासून ती वापरू लागले. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये, सगळ्या तपासण्या पार केलेल्या आराखड्यात, माहिती गमावू शकणारी एक चूक त्यातून निघाली. ती घडायला कमीत कमी ३५ पायऱ्या नेमक्या त्याच क्रमाने पडाव्या लागत होत्या.