मुस्कादे : एका हिवाळ्याने घडवलेली वाइन

१/ फ्रान्सच्या पश्चिमेकडील नांत शहरात कालवांच्या ताटाशेजारी मुस्कादे या पांढऱ्या वाइनचा पेला ठेवण्याची रीत आहे. ही जोडी निसर्गानेच जुळवली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे डच व्यापाऱ्यांचा हिशेब, जकातीची एक चौकी आणि एक भीषण हिवाळा आहे.

२/ १७व्या शतकात डच जहाजे ल्वार नदीच्या मुखाशी मीठ आणि वाइन घेण्यासाठी येत. त्यांना हवी होती स्वस्त, हलकी पांढरी वाइन, पिण्यापेक्षा ऊर्ध्वपातनासाठी. ऊर्ध्वपातित मद्य कमी जागा व्यापते आणि लांबच्या सागरी प्रवासात नासत नाही. ‘ब्रँडी’ हा शब्दही ‘जाळलेली वाइन’ या अर्थाच्या डच शब्दावरूनच आला आहे.

३/ नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आंजू प्रांताच्या वाइनला ब्रिटनीत शिरताना अँग्रांद येथे जकात भरावी लागे. नांत या चौकीच्या खालच्या बाजूस, समुद्राजवळ होते. त्यामुळे आंजूची उत्तम वाइन जकातीचा बोजा सोसून परदेशी जाई, तर नांतची साधी वाइन भट्टीवर चढे.

४/ जानेवारी १७०९. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे. स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध चालू. अचानक नद्या गोठल्या, पेरलेला गहू जमिनीतच मेला, द्राक्षवेली बुंध्यापासून फुटल्या. १७०९-१० मध्ये दुष्काळ व रोगराईने फ्रान्समध्ये सुमारे ६ लाख माणसे दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

५/ उजाड झालेल्या मळ्यांत काय लावायचे? उत्तर होते ‘मलों द बूर्गोन्य’. बरगंडीहून आलेली ही वेल या भागात आधीपासून तुरळक होती. हिवाळ्याची थंडी सोसण्याच्या गुणामुळे आता तिचा झपाट्याने प्रसार झाला. शेतकऱ्याने चव नव्हे, तग धरण्याची ताकद निवडली.

६/ या द्राक्षाचा स्वाद सौम्य. म्हणून वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवून, मग थेट बाटलीत भरण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे तिला किंचित भरीवपणा आणि जिभेवर हलकी चुरचुर येते.

७/ हा सौम्यपणाच ताटात उपयोगी पडतो. कालवे, शिंपले, उकडलेली कोळंबी यांचा खारटपणा ती झाकत नाही. तिची आम्लता लिंबाचे काम करते. नांत परिसराचा प्रसिद्ध ‘बर ब्लां’ सॉस लहान कांदे, व्हिनेगर, पांढरी वाइन आणि भरपूर लोणी यांचा. तो नदीतल्या पाइक माशावर घालतात. लोण्याचा जडपणा हीच वाइन कापते.

८/ १९३६-३७ मध्ये मुस्कादेला अधिकृत भौगोलिक नामांकन मिळाले. भट्टीची वाइन ताटाजवळ सन्मानाने बसली.

९/ मात्र दैवाचा फेरा पाहा. हीच वेल लवकर फुटते, त्यामुळे एप्रिलचे हिमतुषार तिचे कोवळे कोंब जाळतात. १९९१ आणि २०२१ मध्ये नांतच्या मळ्यांनी ते भोगले. १७०९ च्या थंडीला उत्तर म्हणून निवडलेल्या वेलीसमोर आता वसंतातल्या थंडीचा प्रश्न उभा आहे.