छापील शब्दाची पत

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा इतिहासविषय मांडण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही निवडलेला विषय पैशाचा आहे, आणि पैशाविषयी छापल्या जाणाऱ्या शब्दाचाही आहे.

१८५३ च्या तहान्वये आपला धाराशिवचा मुलूख वऱ्हाड व रायचूर दुआबासमवेत कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला आणि १८६० साली निजामाकडे परत आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव गगनास भिडले. कापूस पिकला खेड्यापाड्यांत; परंतु त्याचा पैसा साठला मुंबईत.

त्या पैशाला वाट हवी होती. नवनव्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या आरंभी एकट्या मुंबईत ३१ बँका होत्या. समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या कंपन्यांची पत्रके वृत्तपत्रांतून जाहिरातरूपाने प्रसिद्ध होत. त्यांवर शहरातील मातब्बरांची नावे असत. वाचणारा ती नावे पाही आणि हिशेब मागण्याचे विसरे. ज्या पानावर बाजारभाव, त्याच्याच शेजारी भाग विकणाऱ्याने पैसे मोजून घेतलेली जागा. सामान्य वाचकास दोहोंतील भेद कसा उमगावा?

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले व कापसाचे भाव कोसळले. १ जुलै हा वायद्यांचा दिवस उजाडला तेव्हा देणे भागविण्यास कोणापाशीच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेने भागांच्याच तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिली होती. तिचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांवर आला आणि १८६८ साली ती बँकच मोडीत निघाली. भागांचे कागद तेवढे लोकांच्या हाती उरले.

हा जुना प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की, ती वहिवाट अद्याप मोडलेली नाही. चालू शतकाच्या पहिल्या दशकात काही मोठ्या वृत्तसमूहांनी कंपन्यांना जाहिरातीची जागा देऊन मोबदल्यात त्यांचे भाग घेण्यास आरंभ केला. ज्या कंपनीत आपला वाटा आहे, तिची बातमी निःपक्षपातीपणे कशी द्यावी, हा प्रश्न ओघानेच आला. म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये ‘सेबी’ने जाहीर केले की, अशा कंपनीविषयी लिहिताना आपला वाटा वाचकांस सांगणे वृत्तसंस्थेवर बंधनकारक आहे. २०२४ साली नोंदणीकृत दलालांना, नोंदणी नसलेल्या गुंतवणूक-सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई झाली. तथापि सोयाबीनचा पैसा हाती येताच भ्रमणध्वनीवर अनाहूत सल्ले येऊ लागतात, हा आपल्या गावोगावचा अनुभव आहे.

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी आम्ही आमचे घर पाहिले पाहिजे. ही स्मरणिकाही जाहिरातींच्याच आधारावर निघते. काही वर्षांपूर्वी भरघोस व्याज देऊ करणाऱ्या एका ठेव-योजनेची पूर्ण पानाची जाहिरात आम्ही आनंदाने छापली. पुढे ती योजना बंद पडली. आपल्यापैकी काही कुटुंबांची ठेव तीत अडकली. एका वृद्ध बांधवाने आम्हांस एवढेच विचारले, “तुमच्या पानावर होती म्हणून ठेवले. तुम्ही चौकशी केली नव्हती काय?” आम्ही केली नव्हती. जाहिरातीचे पैसे आले, यातच आम्ही समाधान मानले होते.

म्हणून बंधुभगिनींनो, स्पष्ट सांगतो. या अंकातील जाहिरात ही जाहिरातच आहे. संस्थेची हमी नव्हे. ठेवी व भाग यांच्या जाहिराती यापुढे आम्ही स्वीकारणार नाही. उत्पन्न घटले तरी चालेल. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बँकेतील ठेवीस २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण लागू नाही. ठेव ठेवण्यापूर्वी हा भेद विचारून घ्यावा, आणि सल्ला देणाऱ्यास त्याचे पैसे कोण देतो हेही विचारावे.

१८६५ साली हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आपल्या घरांतून तो विचारला जावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.