कल्याण बंदर आणि तेथील प्राचीन धर्मपीठ

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकाकरितां कांहीं ऐतिहासिक लिहावें, अशी मंडळींची इच्छा दिसली. आपल्या बांधवांस शेजारीपाजारी पुष्कळदां विचारतात कीं, तुमचा धर्म पोर्तुगीजांनींच या देशांत आणला ना? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं वाचकांस आम्ही कल्याण नगराची हकीकत सांगूं इच्छितों. परभणीहून मुंबईस जातांना आगगाडी जेथें थांबते, तेंच हें कल्याण.

उल्हास नदीच्या खाडीवर वसलेलें हें शहर फार प्राचीन आहे. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत मिसरदेशीय एका ग्रीक व्यापाऱ्यानें समुद्रमार्गाचें एक टिपण लिहिलें, त्यांत कल्याणचें नांव आहे. त्याच टिपणांत पैठण व तेर हीं नगरेंही आहेत. पैठणचे रंगीत मौल्यवान दगड व तेरचें कापड गाड्यांवर लादून, बिकट वाटांनीं, भडोच बंदरीं जाई, असें तो लिहितो. पैठण आपल्या गोदामाईच्याच कांठचें, आणि तेर आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस. म्हणजे ही हकीकत आपल्या शेजारचीच झाली. देशावरून कोंकणांत उतरणारी दुसरी मोठी वाट नाणेघाटाची. तेथें सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख अद्याप उभा आहे, व जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही आहे. या घाटाखालचें बंदर तें कल्याण. तेथील व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कोरलेले आहेत.

अशा गजबजलेल्या पेठेंत शुभवर्तमान केव्हां पोहोंचलें? संत बार्थोलोमेव येथेंच आले होते, असें कांहीं विद्वान म्हणतात. परंतु प्राचीन लेखक ‘हिंद’ हें नांव अरबस्थानासही देत असत. म्हणून या मतावर आम्ही भार देत नाहीं. आमचा भार आहे तो सहाव्या शतकांतील एका पुराव्यावर.

अलेक्झांद्रिया येथील कॉस्मास नांवाचा व्यापारी पुढें संन्यस्त झाला व सुमारें ५५० सालीं त्यानें एक ग्रंथ रचला. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे, हें सिद्ध करण्यांत बिचाऱ्यानें पुष्कळ शाई खर्ची घातली! परंतु पृथ्वीच्या आकाराविषयीं तो चुकला, म्हणून बाजाराविषयींही चुकला असें होत नाहीं. कल्याणहून तांबें, शिसवी लांकूड व कापड बाहेर जातें, असें तो सांगतो. आणि तेथें एक बिशप असून त्यांची दीक्षा इराणांत होते, हेंही नमूद करतो. त्या बिशपांचें नांव मात्र तो देत नाहीं. हें कल्याण दक्षिणेकडील दुसरें एखादें बंदर असावें, अशी शंका कांहींनीं काढली आहे. तथापि आपलें कल्याण तें हेंच, असें मानणाऱ्यांचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. पोर्तुगीजांचीं गलबतें कालिकतास लागलीं तीं १४९८ सालीं. म्हणजे त्यापूर्वीं सुमारें साडेनऊशें वर्षें येथें धर्मपीठ होतें. इराणी आखातांतून गलबतें येत, आणि माल उतरे त्याच धक्क्यावर धर्मगुरूही उतरत, असें आम्हांस वाटतें. त्यांच्यापाठीमागें कोणाचें सैन्य नव्हतें.

मग तें पीठ लयास कां गेलें? प्रश्न कडू आहे, तरी टाळतां येत नाहीं. सातव्या शतकांत इराणच्या ख्रिस्तसभेचे प्रमुख इशोयाब तिसरे यांनीं फार्स प्रांताच्या मुख्य बिशपांस पत्र लिहून ठपका ठेवला कीं, तुम्हीं आज्ञाभंग केलात, त्यामुळें हिंदुस्थानांतील लोकांस बिशप मिळेनासे झाले. समुद्रापलीकडे दोन धर्माधिकाऱ्यांचें भांडण, आणि वेदी उपाशी राहिली ती इकडे! या किनाऱ्यावरच्याच मुलांतून बिशप व धर्मगुरू तयार झाले असते, तर त्या भांडणाची झळ एवढी लागती ना, असें आमचें मत आहे.

पुढें १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन संन्याशांनीं रक्त सांडलें. ते तेथें नेस्तोरी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं उतरले होते. म्हणजे निखारा अजून विझला नव्हता. त्यांचे सोबती, डोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन, यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले, आणि ठाणें व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांस बाप्तिस्मा दिला. याच फादरांनीं हिंदुस्थानांतील विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांविषयीं लिहिलें आहे कीं, ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात, पण त्यांस बाप्तिस्मा नाहीं, श्रद्धेची माहिती नाहीं, आणि संत तोमास हेच ख्रिस्त असें ते समजतात. हीं वाक्यें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें आपल्याच खेड्यांपाड्यांतील एकएकटीं घरें उभीं राहतात. मिस्साबलिदानाला महिना महिना मुकणाऱ्या त्या घरांत संध्याकाळीं एखादी आजी नातवंडांकडून ‘हे आमच्या स्वर्गांतील बापा’ म्हणवून घेते. जॉर्डन यांस भेटलेल्या लोकांच्या घरांतून ती आजी केव्हां नाहींशी झाली, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

कल्याण येथें पुन्हां धर्मप्रांत स्थापन झाला तो १९८८ सालीं, आणि तोही सीरो-मलबार विधीचा. त्या विधीचें मूळ पूर्वेच्या सिरियाक परंपरेंत आहे. कॉस्मासच्या काळचे ते निनांवी बिशपही त्याच परंपरेंतले.