जोड्यातली वीज

सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम सध्या बंगळूर शहरातील चामराजपेट या वस्तीत आहे. या वस्तीच्या दक्षिणेस, सहज पायी जाता येईल अशा अंतरावर, गवीपुरम् नावाचा भाग असून तेथे गवी गंगाधरेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. कन्नड भाषेत गवी म्हणजे गुहा. मकरसंक्रांतीच्या दिवशी मावळतीकडे कललेल्या सूर्याचे किरण बाहेरच्या नंदीच्या दोन शिंगांमधून या गुहेत शिरतात आणि काही मिनिटे शिवलिंगावर स्थिरावतात. हा सोहळा पाहण्यासाठी त्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते.

एका संक्रांतीस मीही गेलो होतो. गर्दीमुळे आत शिरणे काही साधले नाही. बाहेरच, भाविकांनी काढून ठेवलेल्या पादत्राणांच्या राशीपाशी उभा राहिलो. त्याच दिवशी सकाळी माझ्या मुलाने मला एक बातमी वाचून दाखविली होती. वरच्या बाजूस सौर घट बसविलेले जोडे निघाले आहेत. ते घालून उन्हातून चालले की खिशातला मोबाइल त्या विजेवर भरून घेता येतो, असा तिचा आशय होता. आत देवावर ऊन पडत होते आणि बाहेर त्याच उन्हात शेकडो जोडे निमूटपणे पडून होते. ही कल्पना आली कोठून आणि तिच्यात तथ्य किती, हा प्रश्न त्या वेळी मनात आला. आज त्याचाच थोडा इतिहास आपणापुढे मांडावयाचा आहे.

चामराजपेट ही बंगळूरच्या जुन्या कोटाबाहेर आखणी करून वसविलेल्या पहिल्या वस्त्यांपैकी एक. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव घेऊन ती १८९२ साली उभी राहिली. सरळ, समांतर रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या ही तिची ठेवण आजही ओळखू येते. वस्ती वसली तेव्हा तेथे वीज नव्हती. वीज आली ती दुरून. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील धबधब्याच्या बळावर १९०२ साली वीज निर्माण होऊ लागली आणि सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारेने ती प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचविण्यात आली. त्यानंतर, १९०५च्या ऑगस्ट महिन्यात, चामराजपेटेला लागूनच असलेल्या मोठ्या बाजारापाशी विजेचे दिवे लागले.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम खाण, मग शहर. आपल्या महाराष्ट्रातही १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून वीज निघाली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. तार ओढण्यास पैसा लागतो, आणि तो जेथून परत मिळण्याची खात्री असते तिकडे तार आधी जाते. मात्र याचा परिणाम असा झाला की, सर्वांत दूरच्या माणसाला सर्वांत अधिक काळ वाट पाहावी लागली. मणिपूरमधील लेइसांग हे गाव वीजजाळ्यास जोडले गेले आणि देशातील सर्व गावांत वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले, ते २०१८च्या एप्रिल महिन्यात. कोलारच्या खाणीपासून लेइसांगपर्यंत पोचावयास विजेला ११६ वर्षे लागली.

तारेवाचून वीज मिळविण्याची ओढ माणसाला लागली ती या प्रतीक्षेपोटी. प्रकाशापासून थेट वीज निर्माण होऊ शकते, हे फ्रान्समधील एडमंड बेकरेल याने १८३९ सालीच दाखविले होते. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ तो शोध प्रयोगशाळेतील एक नवल म्हणूनच राहिला. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकनचा घट जगापुढे ठेवला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातील ऊर्जेपैकी सुमारे सहा टक्के ऊर्जेची वीज होत असे. ही वीज इतकी महाग पडे की, जमिनीवर तिला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. ज्याच्यापर्यंत तार नेणे सर्वस्वी अशक्य, असे एकच गिऱ्हाईक होते आणि ते आकाशात होते. १९५८ साली व्हॅनगार्ड या अमेरिकन उपग्रहावर सौर घट बसविण्यात आले.

भारतापुरती ही कथा बंगळुरातच घडली. शहराच्या पीण्या भागातील साध्या शेडमध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी आर्यभट हा पहिला उपग्रह बांधला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोविएत रशियातून अंतराळात सोडण्यात आला. ३६० किलो वजनाच्या आणि २६ पैलूंच्या त्या यंत्राला सौर घटांपासून मिळणारी वीज होती अवघी ४६ वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका लहानशा घरगुती दिव्यापुरती. तेवढ्यावर राष्ट्राची एक आकांक्षा पृथ्वीभोवती फिरत होती. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग काही दिवसांतच थांबले, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

आता उपग्रहावरून पायाकडे येऊ. तारेपासून तुटलेला दुसरा प्रवासी म्हणजे पायी चालणारा माणूस. जोवर त्याच्याजवळ विजेवर चालणारे काही नव्हते, तोवर त्याला याची खंत नव्हती. ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि त्याच्या खिशात बॅटऱ्या आल्या. आफ्रिकेतील गरीब खेड्यांत रेडिओपेक्षा त्याच्या बॅटऱ्याच महाग पडतात, हे पाहून ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाने घड्याळासारखी किल्ली देऊन वाजविता येणारा रेडिओ तयार केला. पुढे त्याचे लक्ष जोड्याकडे वळले. २००० साली विजेचे जोडे पायात घालून तो नामिबच्या वाळवंटात सुमारे १०० मैल चालला आणि त्या चालण्यातून मिळालेल्या विजेवर त्याने मोबाइल चालवून दाखविला. परंतु २००१च्या डिसेंबरात एका माणसाने जोड्यात स्फोटके दडवून विमानात प्रवेश केला. त्यानंतर तारा बसविलेले जोडे घालून विमानतळावर जाण्याची सोय उरली नाही आणि तो बेत मागे पडला.

बेलिसच्या जोड्यातील वीज उन्हाची नव्हती, ती पावलाच्या दाबाची होती. काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते, हे पिअर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधून काढले होते. त्याच तत्त्वावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९९८ साली काही जोडे सिद्ध झाले. त्यांतून निघे काही मिलिवॉट वीज. तिच्यावर दर काही पावलांनी जोड्याची ओळख रेडिओद्वारे कळविणारा एक छोटा प्रेषक चाले. आपल्याकडे, होळकरांच्या इंदूर नगरीतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२४ साली असेच जोडे सैनिकांसाठी तयार केले. पावलागणिक दोन भिन्न पदार्थांच्या घर्षणातून त्यांत वीज उपजते, तळव्यात साठते, आणि सैनिक कोठे आहे हे कळविण्याच्या कामी येते. अशा १० जोड्या त्या संस्थेने संरक्षण संशोधन संस्थेकडे सोपविल्या. या संस्थेचे तेव्हाचे संचालक सुहास जोशी हे होते, हे मराठी श्रोत्यांस ऐकावयास बरे वाटेल.

मग उन्हावर चालणाऱ्या जोड्याचे काय? येथे थोडा हिशोब केला पाहिजे. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. आजचा चांगला घट तिच्यापैकी २० टक्क्यांच्या आसपास विजेत उतरवतो. जोड्याच्या वरच्या अंगास घटासाठी फार तर १०० चौरस सेंटिमीटर जागा मिळेल. म्हणजे एका पायाचे २ वॉट आणि दोन्ही पायांचे ४. पण जोड्यावर विजारीची सावली असते, स्वतःच्या अंगाची असते, शिवाय धूळ असते. आणि जोडा कधी सूर्याकडे तोंड करून चालत नाही. सर्व वजाबाकी करता एक वॉट हाती लागला तरी पुष्कळ म्हणावे. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास वीज मावते. तेव्हा तो पुरता भरावयाचा तर दोन दिवस भर उन्हात हिंडावे लागेल! उलट, उघडलेल्या मोठ्या वहीएवढे दहा वॉटचे पटल छपरावर सूर्याकडे कलते ठेवले, तर दोन-अडीच तासांत हेच काम बसल्या जागी होते.

हा हिशोब मी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका वृद्ध मोच्याला एकदा सांगितला. तो हसला आणि आपल्या कन्नडमध्ये म्हणाला, "सार, जोडा वाकण्यासाठीच असतो. दिवसातून हजारदा जे वाकायचे, त्यात तार कशी टिकेल? आणि पावसाळ्यात काय?" जी अडचण मी आकड्यांनी सांगितली, तीच त्याने आपल्या हातांच्या अनुभवाने सांगितली. पुढे त्याने जे विचारले ते मला अधिक लागले. "उन्हात दिवसभर कोण असतो, सार? आणि असले जोडे विकत कोण घेणार?" त्याचा स्वतःचा मोबाइल त्या वेळी समोरच्या चहाच्या दुकानात विजेला लावलेला होता. जो दिवसभर उन्हात राबतो त्याला हे जोडे परवडणार नाहीत, आणि ज्याला परवडतील तो दिवसभर सावलीत, विजेच्या बटणाशेजारी बसलेला असतो.

पायीची वहाण पायीच बरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाला त्याची पायरी दाखविण्यासाठी आपण ती वापरीत आलो, आणि तो वापर भूषणावह नाही. पण वहाणेपुरता तिचा अर्थ घेतला तर तो खरा आहे. पायाकडून पावलाची वीज घ्यावी, ऊन मात्र छपराकडून घ्यावे.

ते कसे घ्यावे याचा धडाही याच शहराने दिला आहे. हरीश हांडे यांनी १९९५ साली बंगळुरात सेल्को ही संस्था सुरू केली आणि कर्नाटकातील गरीब घरांत, दुकानांत व हातगाड्यांवर सौर दिवे नेले. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. महिन्याचे ३०० रुपये एकदम देणे ज्या फेरीवाल्याला जड जाते, त्याला रोजचे १० रुपये देणे जमते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. दिवा विकल्यावर तो दुरुस्त करणारा माणूसही जवळपास असला पाहिजे, हेही ओळखले. मी माझ्या नोकरीत एके ठिकाणी समारंभपूर्वक वाटलेले सौर दिवे वर्षभरात माळ्यावर धूळ खात पडलेले पाहिले आहेत. दिवे वाईट नव्हते. बिघडल्यावर ते कोणाकडे न्यावयाचे, हे कागदावर कोणी लिहिले नव्हते, आणि त्या कागदांवर सही करणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून जोड्यातल्या विजेस हसावे असे मला वाटत नाही. तारेपासून दूर असलेल्या माणसाच्या हाती थोडी वीज असावी, ही तिच्यामागची इच्छा खरी आहे. कोलार आणि लेइसांग यांच्यामधील ११६ वर्षे त्या इच्छेची साक्ष देतात. फक्त तिचे स्थान शोधताना घाई झाली आहे.

त्या संक्रांतीला सूर्य मावळला, गर्दी पांगली आणि जो तो आपला जोडा शोधून घरी निघाला. मी रिकाम्या गुहेत जाऊन आलो. ज्या अनामिक कारागिरांनी ती जागा सिद्ध केली, त्यांनी आधी ऊन कोठे पडते ते वर्षानुवर्षे पाहिले असेल, आणि मगच पाषाणाला छिन्नी लावली असेल. सूर्याला आपल्या सोयीच्या जागी बोलावण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. नवी योजना आखणाऱ्या आम्हां सर्वांना, विशेषतः मजसारख्या कागदावर सही करणाऱ्यांना, एवढे शहाणपण त्यांच्याकडून घेता आले तरी पुष्कळ झाले.