छावणीच्या दाराबाहेरचा मॉर्मन

१/ १८५२. ह्यू फिंडले हा तिशीतला स्कॉटिश मॉर्मन धर्मप्रचारक मुंबईत उतरला. पाठीशी ना पगार, ना मिशनची तिजोरी.

२/ त्याची भिस्त इंग्रज सैनिकांवर होती. परंतु लष्करी अधिकाऱ्यांनी मुंबईत आणि पुढे पुण्यातही विरोध केला. त्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीत मॉर्मनांनी बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केला होता. त्यामुळे संशय अधिकच बळावला.

३/ छावणीचे दार मिटल्यावर त्याने मराठीचा अभ्यास आरंभला.

४/ १८१३ पासून येथे असलेल्या, पुढे सोलापुरातही शाळा चालविणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनपाशी छापखाना होता, भाषा शिकायला दशके होती. फिंडलेला तीनच वर्षे मिळाली. १८५५ मध्ये तो परतला. मागे उरले पुण्यातील मूठभर अनुयायी.