मुशीर की निगराँ?

उर्दूत दोन शब्द आहेत. निगराँ म्हणजे देखरेख ठेवणारा आणि मुशीर म्हणजे मशवरा, अर्थात सल्ला देणारा. महाविद्यालयातल्या विद्यार्थी मंडळासोबत जो प्राध्यापक नेमला जातो, तो यांपैकी कोण असावा? या प्रश्नामागे बराच इतिहास आहे.

१९३७ साली आमच्या शेजारच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नई तालीमची समिती नेमली गेली. विनोबांसोबत तिचे एक सदस्य होते ख्वाजा गुलाम सय्यदैन, उर्दू शायर हालींच्या घराण्यातले शिक्षणतज्ज्ञ. पुढे १९५९ मध्ये नेमलेल्या चिंतामणराव देशमुख समितीने विद्यार्थ्यांना राष्ट्रसेवा सक्तीची करावी असं सुचवलं. तेव्हा इतर देशांतला अनुभव तपासायचं काम सय्यदैन यांच्याकडे आलं. त्यांचा कौल होता, शक्यतो सक्ती नको, स्वेच्छा हवी. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

या योजनेत साधारण शंभर स्वयंसेवकांमागे एक प्राध्यापक असतो. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर त्याने पार पाडायचं. कागदावर तो कार्यक्रम अधिकारी, पण गावकऱ्यांनी विश्वास टाकला नाही तर त्याच्या अधिकाराला काही अर्थ नसतो.

विद्यार्थी परिषदेची गोष्ट उलटी झाली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका थांबवल्या. प्रतिनिधी गुणांवर ठरू लागले, अध्यक्षस्थानी प्राचार्य आले. मुशीराचा निगराँ झाला. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, पण मधल्या काळात पोरांना विचारायचं असतं ही सवयच मोडली होती.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. इथल्या महाविद्यालयांत अशी कितीतरी मुलं येतात, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं पहिलंच माणूस ती असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाबाबत मोठे अधिकार ग्रामसभेला दिले. उद्या त्या ग्रामसभेत हीच मुलं बसणार. कॉलेजात सरांनी दाखवलेल्या जागी सही करायला शिकलेला मुलगा गावात ठेकेदाराने दाखवलेल्या जागीही सही करील.

सल्लागार कसा असावा, हे शिकायला लांब जायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आहे. बाहेरचा जाणकारही त्यात येऊन बसतो, माहिती देतो, प्रश्न विचारतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

मुशीर तो हाच. मंडळाच्या बैठकीत प्राध्यापकाने माहिती द्यावी, हिशेब लिहायला शिकवावं, धोका दाखवावा. आणि मुलं ठराव करतील तेव्हा गप्प बसावं.