हीथभूमीवरील जाळरेषा

इंग्लंडच्या दक्षिणभागीं डॉर्सेट, सरे व हॅम्पशायर या परगण्यांत निकस, वाळवट जमिनीवर खुरट्या झुडुपांचीं माळरानें आहेत. त्यांस तिकडे 'हीथ' म्हणतात. वणवा अडविण्यासाठीं अशा रानांत जे मोकळे पट्टे काढतात, त्यांस आपल्या जंगलखात्याच्या भाषेंत जाळरेषा म्हणावें. या रेषांनीं तेथील वनस्पतींत कोणता फेर पडतो हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु पुराव्यांच्या संरक्षकांसहि तो उपेक्षून चालणार नाहीं.

प्रथम लेखी पुरावा पाहूं. विल्यम व मेरी यांच्या कारकीर्दींत, १६९२-९३ सालीं, झालेल्या कायद्यानें २ फेब्रुवारी ते २४ जून या मुदतींत हीथ जाळणारास फटके व कैद अशी शिक्षा ठरविली. असें असूनहि वूल्मरच्या रानांत मार्च-एप्रिलच्या सुमारास मोठाले वणवे लावीत, असें गिल्बर्ट व्हाइट याच्या १७८९ त प्रसिद्ध झालेल्या सेलबॉर्नविषयक ग्रंथांत नमूद आहे. गुरांस कोंवळा पाला मिळावा, हें लोकांचें समर्थन. परंतु जून झुडुपें असल्यास आग मुळांच्या वाटेनें जमिनींत शिरून ती ओसाड करी, असेंहि तो लिहितो. यावरून कायदा एक व वहिवाट दुसरी, हें उघड होतें.

आतां जाळरेषेकडे वळूं. ती दोन रीतींनीं काढतात. नुसती झुडुपें कापल्यास हेदर बुंध्यापासून पुन्हा फुटतें. मात्र वरचेवर कापणी झाल्यास गवत शिरजोर होतें. जमीन नांगरल्यास बुंधेच उपटले जातात, व मग वरच्या थरांत कित्येक दशकें जिवंत राहणाऱ्या बीजांवर सर्व भिस्त राहते. नांगर खोल गेला तर तींहि गाडलीं जातात. तथापि नांगरणी सर्वस्वीं हानिकारक नव्हे. सावली न सोसणारी दलदलींतील क्लबमॉस ही क्षुद्र वनस्पति ओलसर उघड्या जागींच टिकते, आणि वाळूंतील सरडा उघड्या वाळूंतच अंडीं घालतो.

खरी हानि निराळीच आहे. या माळांवर कांस्ययुगांत मृतांवर रचलेलीं मातीचीं टेंकाडें आहेत. त्यांखालीं दबलेल्या जुन्या भूपृष्ठांत परागकण सांपडतात. अशा परागकणांच्या आधारें डिंबल्बी यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, पुष्कळ ठिकाणीं पूर्वीं अरण्य होतें. मनुष्यानें तें तोडल्यावर हीथ माजली. म्हणजे या भूमीचा मूळ दस्तऐवज टेंकाडाखालींच आहे. त्यावरून नांगर फिरविणें म्हणजे वाळवीच्या भयानें पोथीचें पानच कातरून टाकणें होय. हेदर बीजापासून पुन्हा उगवेल. विसकटलेला थर पुन्हा जुळणार नाहीं.

सबब, रेषा आंखण्यापूर्वीं टेंकाडांची नोंद करावी. त्यांच्या आसपास केवळ कापणी करावी, व नांगर दूर, वनस्पतींस उपकारक अशा जागीं धरावा. आगीपासून रान राखतांना त्याचा इतिहासहि राखला गेला पाहिजे.